वरून लावलेला खिसा

"...तर बायको म्हणाली, ‘अहो, जन्मभर लोकांना खिसे लावलेत. आता वरच्या टेलरने तुम्हाला एक लावला, तर एवढं तोंड पाडून बसायला काय झालं?’"

सिस्टरने एवढं वाचलं आणि खोलीत जो हशा उसळला! निवृत्त पोस्टमनला हसताना नेहमी ठसका लागतो, तो लागला. बँकेतल्या बाईंनी डोळे पुसले. मी मान खाली घालून, आपला या सगळ्याशी काही संबंध नाही असा चेहरा करून बसलो होतो. लेखकाने असंच बसायचं असतं अशी माझी समजूत. मग चोरून मागे पाहिलं. शेवटच्या रांगेत माझी बायको बसली होती आणि ती हसत नव्हती. मांडीवरच्या पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत ती सिस्टरकडे बघत होती, भलत्याच कुणा बाईची गोष्ट ऐकावी तशी.

ती येणार हे मला माहीत नव्हतं. सिस्टरने परस्पर घरी फोन करून बोलावलं होतं. "एवढ्या विनोदी बाई आहेत तरी कशा, आम्हालाही बघू द्या की," असं म्हणे.

आमचं हे पिशवी मंडळ. नाव मीच ठेवलेलं. हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर, चादरींच्या कपाटांमागे एक खोली आहे, तिथे आम्ही महिन्यातून एकदा जमतो. ऑपरेशन करून ज्यांच्या आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढलंय आणि त्यावर पिशवी चिकटवलीय, असे सगळे. जे खाली जायचं ते या पिशवीत येतं. आता एवढं स्वच्छ सांगितलंय, पुन्हा विचारू नका.

माझा कॅन्सर गेला आणि पिशवी राहिली. "तात्पुरती आहे," डॉक्टर म्हणाले होते, "जमलं तर पुढे आतडं परत जोडू." त्यातलं ‘तात्पुरती’ मी घट्ट धरून ठेवलं आणि ‘जमलं तर’ ऐकलंच नाही. चार दिवसांच्या पाहुण्याची घरात कशाला ओळख करून द्या, असा हिशेब केला. बाथरूमचं दार लावून घ्यायचं, पिशवी बदलायची, वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतःच बाहेर टाकून यायची. झोपायला पुढे दुकानात, कापायच्या टेबलाशेजारी गादी टाकली. दुकान म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. बायकोला सांगितलं, पाठ दुखते, इथली फरशी बरी वाटते. या पाठदुखीला आता दोन वर्षं होत आली होती.

लिहिण्याचं खूळ सिस्टरचं. वॉर्डात असताना मी शेजारच्या खाटांना दुकानातल्या गमती सांगायचो. टेलरला गोष्टींची काय कमी? माणूस माप द्यायला येतो आणि मापाबरोबर बरंच काही देऊन जातो. "मास्टर, हे लिहून द्या, मंडळात वाचू," सिस्टर म्हणाली. घरात कागद म्हणजे पॅटर्न कापायचा खाकी. त्यावर लिहून दिलं. पहिल्याच लेखात वकीलसाहेबांच्या कोटाची ट्रायल होती. मी खाली वाकून मागची घडी बघतोय, तेवढ्यात माझ्या पोटावरून एक लांबलचक सूर निघाला. त्यावर माझा ताबा नाही हो, त्याला वाटेल तेव्हा तो गातो. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण वकीलसाहेबच लाल झाले आणि म्हणाले, "माफ करा मास्टर, कालपासून पोट जरा बिघडलंय."

हे मात्र खरंच घडलं होतं. लोक हसून हसून लोळले आणि मला चटक लागली. कारण लिहायला बसलो की पिशवी माझी उरायची नाही. ती गोष्टीतल्या त्या गमत्या टेलरची व्हायची. त्या टेलरला बायकोही तशीच पाहिजे, नाही का? दिली शिवून. फटकळ, हजरजबाबी, पिशवी बदलताना शेजारी उभी राहून टोमणे मारणारी, नवऱ्याचा हात धरून त्याला बाजारात फिरवणारी. एकेका लेखात ती आणखी बोलायला लागली आणि लोक तिच्यावर फिदा झाले.

वाचन संपल्यावर सगळ्यांनी माझ्या बायकोलाच घेरलं.

"वहिनी, काय बोलता हो तुम्ही!" पोस्टमन म्हणाला. "आमच्या हिला जरा शिकवा. माझी पिशवी बघितली की ही देवाचं नाव घेत बसते."

आता बिंग फुटणार, असं मला वाटलं. बायको हसली. "असंच आपलं," ती म्हणाली, "येतं तोंडात."

तिने मला सांभाळून घेतलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. तशीच बाहेर बघत म्हणाली, "मी असं कधी म्हणाले?"

"काय?"

"खिशाचं."

"अगं, लेख आहे तो. थोडा मीठमसाला लावावा लागतो."

"मीठमसाला? अहो, सगळा स्वयंपाकच तुमचा. मी कुठे आहे त्यात?" तिने आवाज चढवला नाही. पुढच्या बाकावरच्या माणसाला ऐकू गेलं नसेल. "त्या तुमच्या बाईने पिशवी बघितलीय. मी काय बघितलंय दोन वर्षं? बाथरूमचं दार. त्याचा रंग कुठे कुठे उडालाय ते विचारा, डोळे मिटून सांगते."

"तुला किळस येईल म्हणून..."

"ते तुम्हीच ठरवलंत. आणि त्या बाईला येणार नाही, हेही तुम्हीच ठरवलंत."

लेखात सुचतं, बसमध्ये सुचत नाही.

"माझा भाऊ रविवारी जेवायला बोलावतोय," ती म्हणाली. "दर वेळी ‘ह्यांना काम आहे, ह्यांना काम आहे’ सांगून माझी जीभ झिजली. तुमची ती बाई नवऱ्याबरोबर गावभर हिंडते. मला एकदा, फक्त एकदा, भावाकडे घेऊन चला. माझं दुसरं काही मागणं नाही."

"जाऊ," मी म्हणालो.

दुसरा कुणी असता तर घरी पोचल्यावर त्याने बायकोला जवळ बसवून शर्ट वर केला असता. पण मी पडलो टेलर. झाकणं हाच आमचा धंदा. खांदा उतरता असेल तर पॅड घाल, पाठीला बाक असेल तर मागे कापड मोकळं सोड, पोट सुटलं असेल तर चुणी दे. गिऱ्हाइकाने आरशात बघून "वा, सरळ दिसतंय की!" म्हटलं की आम्ही जिंकलो. आयुष्यभर हेच केलं, तेव्हा बायको दुखावली तर काय करायचं, याचंही उत्तर मला सुईदोऱ्यातच सापडलं. मी पट्टा शिवायला बसलो.

काय पट्टा होता! कोटाच्या कॉलरला घालतो ते कडक बकरम, तेही दुहेरी. आतून मऊ अस्तर, मागे रुंद इलॅस्टिक, पुढे हुकांची रांग. पोटावर दाब येऊ देऊ नका, असं सिस्टर दर महिन्याला कानीकपाळी ओरडायची. मी म्हटलं, दाब कुठला, फिटिंग आहे हे. चार दिवस खपून मी तो पूर्ण केला. बायकोला वाटत होतं, मी वकीलसाहेबांचा नवा कोट शिवतोय.

रविवारी सकाळी पट्टा बांधून शर्ट आत खोचला. खोचला! दोन वर्षांनी. आरशात बघितलं तर पोट सपाट. समोरून, बाजूने वळून बघितलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला मी आवडलो.

बायको आतून आली. केस नीट बांधलेले, कपाटात तळाशी ठेवलेले कपडे घातलेले. माझ्याकडे बघून थांबली.

"बारीक दिसताय," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता की शंका, ते मला कळलं नाही. मी आनंदच समजलो.

"वकीलसाहेबांची ट्रायल उरकतो, की निघूच."

वकीलसाहेब आले. कच्च्या टाक्यांचा कोट त्यांना चढवला. उजवी बाही बसवलेली, डावी अजून मोकळी. मी तोंडात टाचण्या धरून खालची कड सारखी करत होतो. वाकायचो, उठायचो, पुन्हा वाकायचो. पोटावर काहीतरी ओलं लागलं, पण मला वाटलं घाम असेल. दुखत तर काहीच नव्हतं.

"मास्टर," वकीलसाहेब नाक मुरडत म्हणाले, "बाहेर गटार तुंबलंय का हो?"

मी खाली बघितलं. शर्टावर डाग पसरत चालला होता. नुसता पिवळा असता तर समजलो असतो, पिशवी सुटली. त्यात लाल होतं, भरपूर लाल. तोंडात टाचण्या होत्या म्हणून ओरडलो नाही. तसाच उठलो, साहेबांना कोटात सोडलं आणि बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं.

हुक निघेनात. भिजून इलॅस्टिक आवळलं होतं, बोटं सटकत होती. माझ्याच हाताची शिवण, एक टाका ढिला असेल तर शपथ. फरशीवर थेंब पडायला लागले.

"काय झालं?" बाहेरून बायको.

"काही नाही. पाहुणा जरा रुसलाय."

"विनोद बंद करा आणि दार उघडा."

"तू आधी वकीलसाहेबांना बघ..."

"गेले ते. एका बाहीतच गेले. दार उघडा."

"तुला नाही बघवणार."

बाहेर पावलं वाजली. मला वाटलं, गेली. मग अगदी दाराला लागून तिचा आवाज आला, रागाचा नाही, दमलेला. "हे बघा, मी या दाराबाहेर बसून म्हातारी व्हायची असेल तर तसं सांगा. मी तयार होऊन उभी आहे. भावाकडे एकटी जाते आणि तिथेच राहते. परत येत नाही."

लेखातली बाई असं कधी बोलली नसती. मी कडी काढली.

तिने बघितलं. शर्ट वर केलेला, पट्ट्याखालून ओघळ, मांड्यांपर्यंत घाण आणि रक्त. तिचा चेहरा पांढरा पडला. तिने तोंडावर हात दाबला आणि ती स्वयंपाकघराकडे धावली. मोरीत ओकल्याचा आवाज आला, मग नळाचा.

मी भिंतीला टेकून ऐकत उभा होतो. ज्याला घाबरून मी दोन वर्षं फरशीवर झोपलो, तेच झालं होतं. अगदी हुबेहूब तेच. आणि गंमत बघा, मी मेलो नाही. फक्त फार लाज वाटली, आणि पाय गार पडले. नळ बराच वेळ वाहत होता.

मग ती परत आली. तोंड धुतलेलं, बाह्या वर सरकवलेल्या आणि हातात माझी मोठी कात्री. त्या कात्रीला घरात कुणी हात लावायचा नाही असा माझा कायदा. कापडाशिवाय दुसरं काही कापलं की तिची धार जाते.

"हलू नका," ती म्हणाली आणि तिने बकरम कापायला सुरुवात केली. दुहेरी बकरम, तिला दोन्ही हात लावावे लागले. पट्टा खाली पडला, त्याच्याबरोबर पिशवीही. आणि ते उघडं पडलं. एरवी लालचुटुक असतं, आज एका बाजूने काळपट झालं होतं आणि कडेने रक्त येत होतं.

"हे हलतंय," ती कुजबुजली.

"आतडंच आहे ते. हलतं ते."

"दुखतंय?"

"नाही. त्याला काही कळत नाही. म्हणून तर पट्टा रुतला ते समजलं नाही."

"त्याला कळत नाही," ती म्हणाली, "मग तुम्हाला एवढं काय कळत होतं?"

तिने टॉवेल ओला करून पिळला, मांड्या पुसल्या, पोट पुसलं. दुसऱ्या टॉवेलची घडी करून त्या जागेवर ठेवली आणि वरून तळहात टेकवला. तसाच ठेवला.

"गरम आहे हो," ती म्हणाली. "मला वाटायचं, थंडगार असेल. प्लास्टिकसारखं."

आणि मग तिला रडू फुटलं. हात न काढता ती रडत होती, आणि मीही रडलो. ऑपरेशनला रडलो नव्हतो, कॅन्सर म्हटल्यावर रडलो नव्हतो, त्या ओल्या फरशीवर उभा राहून रडलो.

हॉस्पिटलात सिस्टरने कापलेला पट्टा दोन बोटांत उचलून बघितला. तो बायकोने बरोबर आणला होता, डॉक्टरांना दाखवायला. "हे कुणी शिवलं?"

"मीच."

"शिवण सुरेख आहे," ती म्हणाली, आणि नंतर तिने मला जे झापलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पट्ट्याने आतड्याचं तोंड दाबून त्याचा काही भाग मेला होता. पुन्हा ऑपरेशन झालं. नवं तोंड पोटाच्या दुसऱ्या बाजूला काढलं. मी शुद्धीवर आल्यावर डॉक्टर खाटेशी आले आणि म्हणाले, "मास्टर, आता जोडता यायचं नाही. खालचं आतडं पार आकसलंय. ही कायमची." पट्ट्यामुळे का, असं मी विचारलं. ते म्हणाले, नाही, ते आधीपासूनच तसं झालेलं होतं, आत गेल्यावर दिसलं. खरं बोलले की माझ्यावर दया केली, देव जाणे.

मी भिंतीकडे तोंड केलं. शेजारच्या खाटा म्हणाल्या, मास्टर, एखादी गंमत सांगा. कुठली गंमत? चार दिवसांचा पाहुणा घराचा मालक झाला होता. संध्याकाळी सिस्टर पिशवी बदलायला आली आणि सवयीने बायकोला म्हणाली, "वहिनी, जरा बाहेर थांबता?"

"राहू दे तिला," मी म्हणालो. त्या दिवशी मी तेवढंच बोललो.

पिशवी जिने पोटाला चिकटते त्या चकतीला आतड्याच्या तोंडाच्या मापाचं भोक कापायचं असतं. सिस्टरने ते बायकोला कापायला दिलं. तिने वेडंवाकडं कापलं.

"टेलरची बायको आणि असं कापते?" सिस्टर म्हणाली.

"ह्यांनी कधी कात्रीला हात लावू दिलाय का?" बायको म्हणाली. सिस्टर हसली. मी हसलो नाही, टाके ताणले असते.

घरी आल्यावर गादी आत गेली. फार काही बदललं असं समजू नका. पहिल्या रात्री आम्ही दोघंही जागेच होतो, मला गळतीची भीती आणि तिला मला धक्का लागण्याची. पिशवी बदलताना ती अजूनही तोंडाने श्वास घ्यायची, ते मला दिसायचं. मी वाईट वाटून घ्यायचो. मग एक दिवस लक्षात आलं की मीही तोंडानेच श्वास घेतो.

मंडळाची बैठक जवळ आली तसा सिस्टरचा फोन आला, लेख पाहिजे. खाकी कागद घेऊन बसलो. तो गमत्या टेलर काही केल्या येईना. त्याची ती बायकोही येईना. कागदावर नुसता मीच, पोट सुटलेला, चिडका, घाबरट, बाथरूमची कडी धरून उभा. त्यालाच घेऊन लिहायला लागलो. मध्ये मध्ये हसूही येत होतं, पण निराळं. आधीच्या लेखांत मी स्वतःला टपल्या मारायचो, म्हणजे लोकांनी मारायच्या आत. या वेळी कुणाला टपली मारावीशी वाटेना. चिडका तर चिडका, घाबरट तर घाबरट, बसू दे बापड्याला असं वाटलं. मी आजवर हजारो वाकडी अंगं मापली आणि एकालाही बोल लावला नाही. हे एक अंग तेवढं राहून गेलं होतं.

"वाचून दाखवू?" बायकोला विचारलं.

"नको. तिथेच ऐकते, सगळ्यांबरोबर. या वेळी माझ्या तोंडी काय घातलंय, त्याची तयारी नको आधीपासून."

बैठकीत सिस्टरने कागदासाठी हात पुढे केला. मी म्हटलं, आज मीच वाचतो. उभा राहिलो. शर्ट साधा, सरळ कापलेला, चुणी नाही की काही नाही. उजव्या बाजूचा फुगवटा सगळ्यांना दिसत होता. सगळ्यांना तसाच आहे म्हणा, तरी उभं राहायला बळ लागलं.

"आजवर तुम्ही जिला हसलात," मी वाचलं, "ती बाई मी शिवलेली होती. माझ्या खऱ्या बायकोला मी दोन वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं." खोलीत खुर्च्यांचा आवाजही थांबला. वकीलसाहेब एका बाहीत गेल्याचं वाचलं तिथे कुणी तरी हलकेच हसलं आणि गप्प झालं. पुढे गेलो. "शेवटी मी दार उघडलं. माझ्या बायकोने बघितलं. ती काही गमतीचं बोलली नाही. ती आत गेली आणि एकदा ओकली. मग ती परत आली."

इथे मी अडलो. पुढची ओळ समोर दिसत होती आणि वाचता येत नव्हती. बँकेतल्या बाई पायांकडे बघत होत्या. सिस्टर खुर्चीतून अर्धवट उठली.

"दोनदा," शेवटच्या रांगेतून आवाज आला.

सगळ्यांनी माना वळवल्या.

"दोनदा ओकले," माझी बायको म्हणाली. मांडीवर पर्स धरून ती ताठ बसली होती. "दुसऱ्यांदा ह्यांना ऐकू गेलं नाही. मी नळ सोडून ठेवला होता."

मग पोस्टमनच्या नाकातून एक आवाज निघाला, आणि मग बांध फुटल्यासारखे सगळे हसायला लागले, पोटावरच्या पिशव्या सांभाळत. माझी बायकोही हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मी थांबलो. हसू ओसरेपर्यंत कानावरची पेन्सिल काढली, ‘एकदा’ खोडून वर ‘दोनदा’ लिहिलं, आणि पुढे वाचायला लागलो.